नवं कुणी मोडलं?

मी भित्री नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी बहुतेक वेळ घाबरलेलीच आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई मुळातच घाबरट. तशी मी नव्हते. उलट घरात माझ्या तोंडाला सगळे घाबरत.

माझे वडील डहाणूला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. चिखल्याला आमची वाडी होती, चिकू होते, थोडं भात होतं. ते सगळं काका बघत. वडिलांचं मन मातीत कधी रमलं नाही. सकाळी सायकलला पेटी बांधून निघत आणि संध्याकाळी बोटं शाईने काळी करून परत येत. वकिली शिकले नव्हते, पण वीस वर्षं कोर्टाच्या पायरीजवळ बसून बसून कायदा त्यांच्या कानातून आत गेला होता. त्यातली एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. जो म्हणतो, त्याने सिद्ध करायचं. शेत माझं आहे म्हणतोस? मग कागद तू दाखव. तुझं नाही हे समोरच्याने का दाखवायचं? हाच न्याय ते देवालाही लावत. कोणी देवाचं नाव काढलं की शांतपणे म्हणत, "असेल. मी कुठे नाही म्हणतो? सातबारा आणा, लगेच मान्य करतो."

मी त्यांचीच लेक. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. गावात एकदा कीर्तनाला बुवा आले होते. भर मांडवात मी उठून त्यांना विचारलं, देव आहे कशावरून? बुवा चिडले. म्हणाले, "मुली, तू तरी देव नाही हे सिद्ध करून दाखव." मी म्हणाले, "ते माझं काम नाही. दावा तुमचा आहे." लोक हसले. आईने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि वडिलांनी त्याच आठ दिवसांत ही गोष्ट निदान वीस जणांना सांगितली. ओझं नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता आलं की माणूस शहाणा, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

एकोणीसशे साठच्या आसपास मला शिक्षिकेची नोकरी लागली. तलासरीपासून आत दोन कोसांवर एक पाडा होता, तिथे. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि पाऊस नसेल त्या दिवशी दहाबारा मुलं. राहायची सोय एका वारली घरात झाली. घर कुडाचं, मध्ये आडोसाही कुडाचाच. अलीकडे मी, पलीकडे ती. ती म्हणजे त्या घरची बाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. नवरा किनाऱ्याकडच्या वाड्यांत मजुरीला असायचा, महिनोन् महिने येत नसे. तिची आधीची दोन मुलं गेली होती, दोन्ही पावसाळ्यातच. आता ही तिसरी, चार वर्षांची पोर. ती शेपटासारखी माझ्या मागे मागे फिरायची. शाळेत येऊन पहिल्या रांगेत बसायची आणि झोपून जायची.

ती बाई मला तू म्हणे. तिथे सगळ्यांनाच तू. मामलेदाराला तू आणि देवालाही तू. पहिले काही दिवस मला ते टोचलं, मग त्यातली माया कळायला लागली.

तिचा देव घरातच होता. आतल्या कोपऱ्यात उंचावर एक टोपली, टोपलीत तांदूळ आणि तांदळात देव. आणि पाड्यात एक भगत होता. आजार, हरवलेलं ढोर, घरातलं भांडण, सगळं त्याच्याकडे जायचं. तो सुपात तांदळाचे दाणे टाकून जोड्या मोजायचा आणि कारण सांगायचा. मी जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा शेजारच्या पाड्यावरच्या एका बाईचं नाव दाण्यांत निघालं. पोरं मरतात ती हिच्यामुळे. ती पाडा सोडून आमच्या शाळेवरून गेली तेव्हा मुलं पाढे म्हणत होती, ती गप्प झाली. डोक्यावर एक बोचकं, सोबत कोणी नाही. तिला कोणी मारलं नव्हतं, शिवीसुद्धा दिली नव्हती. फक्त कोणी तिच्याशी बोलेना, विहिरीवर तिच्या घड्याशेजारी घडा ठेवेना. मी नाही, हे ती कशी दाखवणार होती? मी त्या दिवशी रागाने लालबुंद झाले होते. राग होता तोवर बरं होतं.

आमचे वाद व्हायचे ते नव्यावरून. त्या लोकांत रीत अशी की पावसात जे जे नवीन येतं, म्हणजे पहिली रानभाजी, पहिली काकडी, पुढे पहिलं भात, ते देवाला दिल्याशिवाय कोणी तोंडात घालायचं नाही. दिवस भगत ठरवणार. तोवर काकड्या मांडवाला लोंबत राहतात, पोरं खालून बघत बघत जातात, पण कोणी हात लावत नाही. न देता खाल्लं, तर त्याने नवं मोडलं म्हणायचं.

"मोडलं तर काय होतं?" मी एकदा विचारलं. ती नागली दळत होती.

"माहीत नाय."

"माहीत नाही म्हणजे?"

"कोणी मोडलंच नाय. मग कळणार कसं?"

मला वाटलं, सापडली. "म्हणजे पुरावा नाही."

"नाय."

"देव तरी पाहिलाय का कोणी?"

"नाय." जातं फिरतच होतं. "तू रोज उठून त्याचंच काय विचारतेस? तुझं काय घेतलंय त्यानं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुवा चिडले होते, आईने अबोला धरला होता. ही बाई लढतच नव्हती. मी म्हणाले, "काही होत नाही. मी सांगते तुला. काही म्हणजे काही होणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मूठभर नागली जात्यात टाकली.

त्या 'बरं'ने माझा घात केला. तिने वाद घातला असता तर मी जिंकले असते आणि गप्प बसले असते.

पुढच्याच रविवारी ती भाताच्या बेणणीला, तण काढायला, गेली होती. अंगणातल्या मांडवावर पहिली काकडी हातभर झाली होती. मी ती तोडली. हात थरथरला नाही, हेही लिहून ठेवते. उंबऱ्यात बसले, चिरली, मीठ लावलं आणि खाल्ली. पोर आली, शेजारी बसली, माझ्या तोंडाकडे बघायला लागली. चार वर्षांच्या पोराला खाताना नाही कोण म्हणतं? मी तिला एक फोड दिली. मग दुसरी दिली.

ऊन उतरायच्या आत ती शेतावरून आली. मी देठ जपून ठेवला होता, तो तिच्यापुढे धरला. म्हणाले, "खाल्ली. बघ, धडधाकट आहे मी."

तिने देठाकडे पाहिलंच नाही. "पोरीनं खाल्ली?"

"दोन फोडी."

ती चिखलाच्या पायांनी तिथेच मटकन बसली. मग उठली, पोरीला ओढून घेतलं, तिच्या तोंडात बोट फिरवून तिला चूळ भरायला लावली, पुन्हा पुन्हा, पोर रडायला लागली तरी. मी सारखी म्हणत होते, अगं काही होत नाही, बघ ना, काही झालंय का?

"आज नाय होणार," ती म्हणाली.

"मग कधी?"

"ते तू सांग. काय होणार नाय, हे तूच म्हणालीस. कधीपर्यंत होणार नाय?"

देठ अजून माझ्या हातातच होता. तिथे मी पहिल्यांदा घाबरले. वडील अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला बजावत, "अर्जात जास्त बोलू नये, जेवढं बोलाल तेवढं दाखवावं लागतं." पुरावा नाही, एवढंच मी म्हणाले असते तर माझ्या डोक्यावर काही नव्हतं. पण मी छातीठोक सांगितलं होतं, काही होणार नाही. ती तर कधी काही म्हणालीच नव्हती. देव आहे असंसुद्धा ती मला म्हणाली नव्हती. शेजारी राहणाऱ्याबद्दल असं कोण बोलतं? दावा लावला होता तो मी. वादी मीच होते. आणि काही होणार नाही हे सिद्ध करायचं तर ती पोर मोठी होऊन म्हातारी होईपर्यंत मला वाट बघत बसावं लागणार होतं.

सोमवारी मी शिकवताना तिच्याकडे बघत होते. मंगळवारी ती दोनदा शिंकली आणि माझ्या हातातला खडू मोडला. बुधवारी पेज अर्धीच प्यायली. मी तिच्या आईला विचारलं, रोज एवढीच पिते का गं? तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती पाहत होती ते मला दिसत होतं, मी पाहत होते ते तिला. दोघीजणी एकाच पोरीवर पहारा करत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. मी स्वतःला सांगत होते की ताप काय पावसाळ्यात येतोच. हे सांगावं लागत होतं यातच सगळं आलं.

गुरुवारी सकाळी शाळेत पोर नेहमीसारखी झोपली. मुलांच्या पाढ्याने उठली नाही. मी कपाळाला हात लावला आणि चटका बसला. उचलून घरी नेईपर्यंत तिचे दात वाजायला लागले, आणि आईच्या मांडीवर ठेवताच तिला आकडी आली. डोळे पांढरे झाले, मुठी वळल्या. मी कुडाला धरून उभी राहिले तेवढीच.

भगत हाकेच्या अंतरावर होता, तो आधी आला. त्याच्यामागून शेजारपाजार आला. आकडी ओसरली होती, पोर निपचित पडली होती. त्याने सूप मागितलं, दाणे टाकले, जोड्या मोजल्या, पुन्हा टाकले. मग त्याने मान वर केली आणि साध्या आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तसं, विचारलं, "या घरात नवं कुणी मोडलं?"

मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर ती बोचकं घेतलेली बाई आली. या घरात परकी कोण? मी. देव नाही म्हणत फिरणारी कोण? मी. पोर सदान्‌कदा कोणाच्या मागे असायची? माझ्याच. पोर गेली तर माझ्याविरुद्धचा पुरावा पुरा होता, आणि मी नाही, काकडीने नाही, असल्या कशाने काही होत नाही, हे मी या पंधरावीस माणसांना कसं दाखवणार होते? जन्मभर मी लोकांना म्हणत आले, सिद्ध करा. आता सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे वळून पाहायचं बाकी होतं. मी, हे एक अक्षर बोलायचं होतं. नाही बोलले.

"मी," ती म्हणाली. "मीच मोडलं. भूक लागली होती. पोरीलाही दिली."

भगताने पुन्हा दाणे टाकले. मी त्या सुपाकडे बघत राहिले. आता दाणे सांगतील, ही खोटं बोलतेय. ज्या दाण्यांवर माझा कवडीचा विश्वास नव्हता, त्यांची मला इतकी भीती वाटली की मानेवरून घाम उतरला. भगताने जोड्या मोजल्या आणि मान हलवली. देवाला एक कोंबडी. आणि जिने मोडलं तिने यंदाचं काही नवं खायचं नाही, भात झोडून घरात येईपर्यंत. मग सूप बाजूला ठेवून तो म्हणाला, "आता दवाखान्यात न्या हिला. लवकर न्या."

ती पोरीला कडेवर घेऊन उठली. मला म्हणाली, "चल."

दोन कोस आम्ही पावसात चाललो. ती दमली की मी घ्यायचे, मी दमले की ती. पोरीचं डोकं माझ्या खांद्यावर तव्यासारखं तापलेलं, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मधेच तो लागायचा थांबे, की मी थांबे. मग लागला की पुन्हा चालायचं. एका चढावर मी मनात म्हणाले, हिला वाचव, मी काय म्हणशील ते करीन. म्हणाले आणि दचकले. कोणाला म्हणाले मी? वर नाव नाही, पत्ता नाही, असला अर्ज वडिलांनी फाडून फेकला असता. पण शब्द इतके सहज आले होते की जणू तोंडात तयारच होते. त्याचीही भीती वाटली. तरी उरलेली वाट मी तेच म्हणत गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, पोट दाबून पाहिलं, सुई दिली. "हिवताप आहे. डोक्यात चढत होता. वेळेवर आणलीत."

मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, काकडी खाल्ल्याने असं होतं का?

"काकडीने?" ते वैतागले. "डास चावल्याने होतो तो. शिकलेल्या ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. तिची आई हसली नाही, रडली नाही. नुसती तिचे तळपाय चोळत बसली. मला मात्र रडू आवरेना. बाहेर जाऊन पडवीत मनसोक्त रडले.

माझ्याकडे आता पुरावा होता. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेला, हिवताप. ती चिठ्ठी मी पाड्यावर कोणाला दाखवली नाही. दाखवली असती तर कोणीतरी विचारलं असतं, बाई, तुला एवढी काकडीची काळजी का?

पंधरा दिवसांनी देवाला नवं दिलं. कोंबडी कापली, काकड्या चिरल्या, टोपलीपुढे ठेवल्या. मग तिने फोडी वाटल्या. सगळ्यांना दिल्या, मलाही दिली. स्वतः हात पुसून बाजूला बसली. मला ती फोड नको होती, पण नको म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. मी खाल्ली. तिच्यासमोर बसून, सगळ्यांबरोबर, चावून चावून खाल्ली.

त्यानंतर दोन महिने ती जुनी नागली खात होती. कणगी तळाला गेली होती, भाकरीत कोंडाच जास्त. घरात नवी भाजी शिजली की पोरीला आणि मला वाढे. मला घास गिळवत नसे. मला वाटे, आता बोलावं. रोज वाटे.

भात कापणीला आलं होतं तेव्हा एका दुपारी मी तिला विचारलंच. पोर अंगणात खेळत होती.

"तू देवासमोर खोटं बोललीस. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पोर मांडीवर होती. म्हटलं, आता नेतो हिला."

"मग का बोललीस?"

तिला तो प्रश्नच कळला नाही बहुतेक. जरा विचार करून म्हणाली, "तुझं इथं कोण हाय? मला तो ओळखतो. रागावला तरी माझ्याच घरात ऱ्हायचा हाय. तुला कोण ओळखतो?"

मी अंगणातल्या पोरीकडे पाहिलं. मग विचारलं, "अजून वाटते भीती?"

"रोज," ती म्हणाली. "खोटं बोललेलं त्याला ठाऊक हाय. उठले की पहिला हात तिच्या कपाळाला लावते."

ती पोर जगली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, हे मला फार वर्षांनी कानावर आलं. घरी माझ्या नातवंडांचे मित्र जमतात, देव आहे की नाही यावर तावातावाने भांडतात, सिद्ध कुणी करायचं यावर तर हमखास येतात. मला विचारतात, आजी, तुमचं काय मत? मी चहा ठेवायला उठते. मुलांना वाटतं, आजी जुन्या वळणाची.

त्या दुपारी तिचं बोलणं ऐकून मी उठले आणि चपला घातल्या. भगताचं घर नाल्यापलीकडे होतं, आमच्या अंगणातून दिसायचं. जाऊन एवढंच सांगायचं होतं की नवं मी मोडलं, हिने नाही. मग तिच्या देवाचं आणि तिचं काय ते मिटलं असतं, तिला रोज उठून कपाळ चाचपावं लागलं नसतं. चालता चालता मनाला कारणंही सापडत गेली. मी सांगितलं तर हीच खोटी ठरेल. दोन महिन्यांनी सांगून काय उपयोग? नाल्याला घोटाभर पाणी होतं. पलीकडे भगत अंगणात बसून दोर वळत होता. त्याने मला पाहिलं आणि हात वर केला. मी वाकून पाण्यात पाय धुतल्यासारखं केलं आणि परत फिरले.

"कुठं गेली होतीस?" तिने विचारलं.

"कुठे नाही," मी म्हणाले.